चर्चगेटचं गेट

नोकरीसाठी बार्शीहून मुंबईत आलो, त्या आठवड्यातली गोष्ट. चर्चगेटला उतरलो, बाहेर येऊन इकडेतिकडे बघितलं आणि एका वडापाववाल्याला विचारलं, "दादा, इथलं गेट कुठंय?" तो म्हणाला, "कुठल्या साइडचं?" हसताय तुम्ही, पण आमच्या गावाकडे वेशीचं नाव असलं की तिथे वेस असते, निदान पडकी तरी!

मग मला खोडच लागली. सुट्टीच्या दिवशी नाव धरून निघायचं आणि वस्तू हुडकायची. फोर्टात किल्ला नाही, धोबीतलावात तलाव नाही. चर्चगेटचं गेट सापडलं ते फ्लोरा फाउंटनपाशी. म्हणजे गेट नाही, त्याची जागा. किल्ल्याच्या तटाला तीन दरवाजे होते, त्यातला सेंट थॉमस चर्चकडे जाणारा हा. 1860 च्या दशकात गव्हर्नर फ्रियरने तट पाडायला घेतला आणि 1864 मध्ये तिथे कारंजं उभं राहिलं. स्टेशन आलं 1870 साली. म्हणजे नसलेल्या गेटाचं नाव स्टेशनाला दिलं! कारंज्याशेजारी 1961 पासून मशालवाल्या जोडीचं हुतात्मा स्मारक आहे. आता या चौकाला कोण काय म्हणतं, त्यावरून माणसाचं वय कळतं, ते असो.

मला खरं वेड लावलं पायधुणीनं. मुंबई ही बेटं होती, हे शाळेत घोकलेलं. पण भरतीचं पाणी महालक्ष्मी-वरळीच्या खिंडीतून पार आतपर्यंत यायचं, लोक त्यातून चालत येऊन इथे पाय धुवायचे, हे त्या एका शब्दानं डोळ्यांसमोर आणलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस गव्हर्नर हॉर्नबीच्या बांधानं ती खिंड बुजली आणि पाणी गेलं. मी पहिल्यांदा गेलो तो जुलैत, चपला हातात घेऊन. नाव चोख ठेवलंय, एवढंच म्हणतो.

आणि ते मैलाचे दगड! सेंट थॉमस चर्च 1718 चं. शहराचे मैल तिथपासून मोजायचे. एकोणिसाव्या शतकात त्या हिशेबानं रस्त्याकडेला दगड रोवले. पुढे रस्ते चढत गेले, फुटपाथ चढत गेले, दगड मात्र होते तिथेच. आता काही वर काढून नीट बसवलेत. मी पहिला बघितला तो चिंचपोकळीला. पुरुषभर उंचीचा असेल म्हणून गेलो, तर फरशीतून जेमतेम वीतभर डोकं वर. उकिडवा बसलो आणि रोमन आकड्यातली माती नखानं उकरायला लागलो. शेजारच्या टपरीवाल्यानं थोडा वेळ बघितलं, मग तोही वाकला.

"काय साहेब, चावी पडली का?"