बहुमताबाहेरचे प्रेक्षक

२३ मार्च १९९८ च्या रात्री लॉस एंजेलिसमध्ये 'टायटॅनिक' या चित्रपटाने ११ ऑस्कर पुरस्कार पटकावले. जगभरात एक अब्ज डॉलरचा गल्ला ओलांडणारा इतिहासातला पहिला चित्रपट हा मान त्याला त्याआधीच मिळाला होता, आणि तेच तेच प्रेक्षक पुन्हा पुन्हा तिकीट काढत असल्यामुळे चित्रपटगृहांतून तो महिनोन्‌महिने हलत नव्हता. त्याच शहरातून निघणाऱ्या 'लॉस एंजेलिस टाइम्स' या दैनिकाचे समीक्षक केनेथ टुरान मात्र आपल्या मतावर ठाम होते. चित्रपटाचे लेखन अगदी सामान्य आहे आणि ते काम आपल्याला जमते हा दिग्दर्शकाचा समजच चुकीचा आहे, असे त्यांचे म्हणणे होते. दिग्दर्शक जेम्स कॅमेरून यांनी त्या दैनिकाला खरमरीत पत्र पाठवले आणि या समीक्षकाला पदावरून दूर करण्याची मागणी केली. ज्याच्या कलाकृतीला साऱ्या जगाने डोक्यावर घेतले होते, त्या माणसाला एकाच वृत्तपत्रातले प्रतिकूल मत इतके झोंबले होते.

या वादातली एक बाब सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. 'टायटॅनिक'ला एकूण १४ नामांकने मिळाली होती आणि त्यांत पटकथेचे नामांकन नव्हते. म्हणजे ज्या अकादमीने त्याला वर्षातला सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरवले, तिच्या सदस्यांनाही लेखन हे त्याचे बलस्थान वाटले नव्हते. टुरान यांना जे खटकले, ते पुरस्कार देणाऱ्यांनाही दिसले होते. त्यांनी ते मनावर घेतले नाही, इतकेच.

गाजलेला चित्रपट मनापासून नावडणाऱ्या प्रेक्षकाला काही समजलेच नाही, असे आपण पटकन म्हणून टाकतो. वस्तुतः अशा प्रेक्षकाने बहुतेक वेळा चाहत्यांनी पाहिला तोच चित्रपट पाहिलेला असतो, आणि चाहत्यांना भिडलेली जागाच त्याला सलत असते. चित्रपट प्रेक्षकाकडे काहीतरी मागत असतो: इथे रडा, याच्यावर विश्वास ठेवा, एवढे विसंगत आहे तिकडे काणाडोळा करा. बहुसंख्य प्रेक्षक ते आनंदाने देतात आणि हा प्रेक्षक देत नाही.

सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरूनही पटकथेच्या नामांकनाला मुकलेला 'टायटॅनिक'च्या आधीचा चित्रपट शोधायचा, तर थेट १९६५ पर्यंत, म्हणजे 'द साउंड ऑफ म्युझिक'पर्यंत मागे जावे लागते. उत्पन्नाच्या बाबतीत 'गॉन विथ द विंड'लाही मागे टाकणारा हा संगीतपट कित्येक घरांत आजही दरवर्षी भक्तिभावाने पाहिला जातो. पॉलीन केल या अमेरिकी समीक्षिकेने मात्र 'मॅकॉल्स' मासिकात त्याला साखरेत घोळलेले असत्य म्हटले, आणि लोकांना ते गिळायची हौस दिसते, असेही बजावले. त्यांची तक्रार नीट वाचली, तर चित्रपट वाईट बनला आहे असे त्या म्हणत नाहीत, हे ध्यानात येते. तो नको तितका चांगला बनला आहे, प्रेक्षकाच्या डोळ्यांत पाणी आणण्याची त्याची यंत्रणा इतकी अचूक आहे की आपण हलवले जात आहोत हे कळत असूनही आपण हलतो, आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना अपमानास्पद वाटली. चाहत्यांना विचारले तर तेही हेच सांगतील, फक्त कृतज्ञतेने.

यातला गमतीचा भाग असा, की या संगीतपटाचा नायक कॅप्टन फॉन ट्रॅप याची भूमिका करणारे क्रिस्टोफर प्लमर हे स्वतःही अनेक वर्षे या चित्रपटाची टर उडवत असत आणि त्याच्या नावाचे विडंबन करून त्याला 'साउंड ऑफ म्यूकस' म्हणत. म्यूकस म्हणजे शेंबूड. ज्या ऑस्ट्रियात ही कथा घडते, तिथेही हा चित्रपट सपशेल पडला. फॉन ट्रॅप कुटुंबावरचा एक जर्मन चित्रपट १९५६ मध्येच येऊन लोकप्रिय झाला होता. त्यामुळे तिथल्या प्रेक्षकांना हॉलीवूडने नव्याने शिवलेले कपडे आणि अमेरिकी सुरावटीतली लोकगीते परकी वाटली, शिवाय नाझी काळाची आठवण इतक्या गोड आवरणात पाहण्याची त्यांची तयारी नव्हती.

ज्यांचे जग पडद्यावर येते, त्यांनाच तो पडदा सर्वांत खोटा वाटावा, हा अनुभव 'स्लमडॉग मिलियनेअर'च्या वेळी भारतात पुन्हा आला. डॅनी बॉइल यांच्या या चित्रपटाला फेब्रुवारी २००९ मध्ये ८ ऑस्कर मिळाले. ए. आर. रहमान, गुलझार आणि रसूल पूकुट्टी यांची नावे त्या यादीत असल्यामुळे देशभर अभिमान व्यक्त झाला, आणि त्याच सुमारास झोपडपट्टीतल्या माणसाला कुत्र्याची उपमा देणाऱ्या नावाविरुद्ध निदर्शनेही झाली. दारिद्र्याचे प्रदर्शन मांडल्याचा आरोप तर बराच काळ गाजला. माझ्या मते त्याहून अधिक महत्त्वाचे कारण दुसरे होते, आणि त्याची चर्चा कमी झाली. ताटातूट झालेले प्रेमिक, वाट चुकलेला भाऊ, नियतीने जुळवून आणलेले योगायोग आणि शेवटी रेल्वे फलाटावरचे सामूहिक नृत्य ही सारी सामग्री पाश्चात्त्य प्रेक्षकाला ताजी होती, तर हिंदी चित्रपटांवर पोसलेल्या प्रेक्षकाने ती आधीच कित्येकदा, आणि अधिक सफाईने, पाहिलेली होती. आपलीच जुनी गोष्ट परदेशातून नवी म्हणून परत आली, की तिचे कौतुक करणे जरा जड जाते.

सौंदर्याच्या अंगाने होणारी नापसंती आणि नैतिक अंगाने होणारी नापसंती यांत अंतर आहे. 'गॉन विथ द विंड' हे दुसऱ्या प्रकाराचे सर्वांत ठळक उदाहरण होय. १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा शहरात त्याचा भव्य प्रथम खेळ झाला. मॅमी या कृष्णवर्णीय दासीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल त्या समारंभाला हजर राहू शकल्या नाहीत, कारण जॉर्जिया राज्यात वर्णभेदाचे कायदे लागू होते. पुढे २९ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. हा पुरस्कार मिळवणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत ठरल्या, आणि त्या रात्रीही त्यांना चित्रपटातल्या इतर कलावंतांपासून दूर, वेगळ्या मेजावर बसवण्यात आले होते. चित्रपटाने गुलामगिरीच्या काळाचे जे रम्य चित्र उभे केले, त्याविरुद्ध कृष्णवर्णीय लेखकांनी आणि संघटनांनी तेव्हाच आवाज उठवला होता. कार्लटन मॉस यांनी निर्माते डेव्हिड सेल्झनिक यांना उद्देशून खुले पत्र लिहिले आणि काही शहरांत चित्रपटगृहांबाहेर निदर्शनेही झाली. म्हणूनच जून २०२० मध्ये एचबीओ मॅक्स या सेवेने हा चित्रपट काही दिवस काढून घेतला, आणि चित्रपट-अभ्यासक जॅकलिन स्टुअर्ट यांचे प्रास्ताविक जोडून पुन्हा दाखवायला सुरुवात केली, तेव्हा 'आजच्या संवेदनशीलतेने कालच्या कलाकृतीला दोष देऊ नये' असा जो युक्तिवाद झाला, तो तपशिलात टिकत नाही. हा दोष कालच्याच प्रेक्षकांनी, काल, नावानिशी दाखवला होता. त्यांची संख्या तिकीटखिडकीवर मोजली गेली नव्हती, इतकेच.

'फॉरेस्ट गम्प'वरचा आक्षेप याच जातीचा असला तरी सौम्य आहे. १९९४ च्या या चित्रपटाने सर्वोत्कृष्ट चित्रपटासह ६ ऑस्कर मिळवले आणि 'पल्प फिक्शन' व 'द शॉशँक रिडेम्प्शन' यांना मागे टाकले, हा राग चित्रपटप्रेमींच्या मनात आजही धुमसतो. त्यातला निम्मा राग तर त्या रात्रीच्या निकालाचाच आहे. उरलेला निम्मा मात्र विचार करण्याजोगा आहे. जो नायक काहीही न विचारता सांगितलेले ऐकत जातो, त्याला युद्धातून कीर्ती आणि व्यापारातून संपत्ती मिळते, आणि त्याची जी बालमैत्रीण जेनी घराबाहेर पडून प्रश्न विचारते, आंदोलनात उतरते, तिच्या वाट्याला व्यसन, मारहाण आणि अकाली मृत्यू येतो. हे योगायोगाने झाले की मुद्दाम, यावर वाद घालता येईल. पण एकदा ही मांडणी दिसली, की बाकावर बसून गोष्ट सांगणाऱ्या त्या भल्या माणसाकडे पूर्वीच्या डोळ्यांनी पाहणे कठीण होते.

कारागिरीवरून होणाऱ्या भांडणांना फार वेळ देण्याची गरज नाही. 'क्वीन' या रॉक बँडवरच्या 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'ला २०१९ मध्ये संकलनाचे ऑस्कर मिळाले आणि त्यातल्या एका साध्या संभाषणाच्या दृश्यातले सततचे तुटक कट दाखवणारी चित्रफीत जगभर चेष्टेचा विषय झाली. लाखो लोकांनी तेच दृश्य चित्रपटगृहात पाहिले होते आणि त्यांना काहीच खटकले नव्हते, कारण ते गाण्यांची वाट पाहत होते.

नापसंतीचा आणखी एक प्रकार आहे, आणि तो सर्वांत स्वस्त आहे. त्यात रोख चित्रपटापेक्षा त्याच्या प्रेक्षकांवर असतो. २००८ मध्ये सुरू झालेल्या 'ट्वायलाइट' मालिकेच्या पाच चित्रपटांनी मिळून तीन अब्ज डॉलरहून अधिक कमाई केली आणि शेवटच्या भागाला वर्षातल्या सर्वांत वाईट चित्रपटाचा 'रॅझी' मिळाला. चित्रपट सदोष होते, यात वाद नाही. परंतु त्यांची खिल्ली उडवताना जितक्या वेळा पटकथेचा उल्लेख झाला, निदान तितक्याच वेळा रांगेत उभ्या असलेल्या किशोरवयीन मुलींचाही झाला. 'टायटॅनिक'च्या वाट्यालाही हे आले होते. मुलग्यांना आवडणाऱ्या, तितक्याच भाबड्या संवादांच्या मारधाडपटांना असा न्याय क्वचितच लावला जातो.

आता आकड्यांकडे वळू, कारण हल्ली नापसंतीची भाषा टक्क्यांची झाली आहे. 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर दिसणारी टक्केवारी म्हणजे चित्रपटाला मिळालेले गुण नव्हेत. किती समीक्षकांचे मत अनुकूल आहे, एवढेच ती सांगते. सर्वांनाच बरा वाटलेला चित्रपट त्यामुळे शंभर टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो, आणि दहांपैकी सहांना अप्रतिम व चौघांना असह्य वाटलेला चित्रपट साठावर थांबतो. या मापात तीव्रता मावतच नाही. 'सिनेमास्कोर' ही अमेरिकी संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या रात्री चित्रपटगृहातून बाहेर पडणाऱ्यांना विचारून श्रेणी ठरवते. तिची अडचण अशी, की पहिल्याच रात्री जाणारा प्रेक्षक मुळात उत्सुक असतो.

डिसेंबर २०१७ मधल्या 'स्टार वॉर्स : द लास्ट जेडाय'च्या बाबतीत ही सारी मापे एकमेकांशी भांडली. समीक्षकांपैकी सुमारे ९० टक्के अनुकूल होते, सिनेमास्कोरची श्रेणी 'ए' होती, कमाई १.३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली, आणि रॉटन टोमॅटोजवरची प्रेक्षकांची पसंती मात्र पन्नास टक्क्यांच्याही खाली राहिली. तरुणपणी साऱ्या आकाशगंगेची आशा असलेला ल्यूक स्कायवॉकर इथे खचलेला, एकांतात दडून बसलेला म्हातारा म्हणून भेटतो. ही कल्पना आपल्याला पटली नव्हती, असे ती भूमिका करणाऱ्या मार्क हॅमिल यांनीही उघडपणे सांगितले होते. तेव्हा नाराजी खरी होती, आणि तिला आधारही होता. तिच्याच आडून केली मेरी ट्रॅन या त्यातल्याच अभिनेत्रीचा जो वांशिक छळ झाला आणि ज्यामुळे त्यांनी २०१८ मध्ये इन्स्टाग्रामवरचे आपले सारे मजकूर काढून टाकले, त्याला मात्र चित्रपटाविषयीचे मत म्हणता येणार नाही. पुढच्याच वर्षी रॉटन टोमॅटोजने प्रदर्शनाआधीच अभिप्राय नोंदवण्याची सोय बंद केली आणि तिकीट घेतल्याची खात्री पटलेल्या प्रेक्षकांची मते वेगळी दाखवायला सुरुवात केली. न पाहिलेल्या चित्रपटाचा तिरस्कार करणाऱ्यांची गर्दी वाढल्याचा तो अप्रत्यक्ष कबुलीजबाबच होता.

कंटाळ्याची तक्रार मात्र सर्वांत प्रामाणिक असते आणि तिला सर्वांत कमी मान मिळतो. स्टॅन्ली कुब्रिक यांच्या '२००१ : अ स्पेस ओडिसी'च्या १९६८ मधल्या सुरुवातीच्या खेळांतून अनेक निमंत्रित मध्येच उठून गेले, त्यानंतर कुब्रिक यांनी सुमारे १९ मिनिटांचा भाग कापला. या चित्रपटात पहिला संवाद ऐकू येईपर्यंत जवळपास २५ मिनिटे जातात. ज्यांना तो महान वाटतो, ते हाच संथपणा त्याचे वैभव मानतात, आणि जे उठून गेले त्यांनाही हाच संथपणा जाणवला होता. इथे कोणाची तरी समज कमी पडली असे गृहीत धरण्याचे कारण नाही. अडीच तासांची शांतता दिग्दर्शकाने मागितली आणि काहींनी ती दिली नाही.

शेवटी 'अवतार'. २००९ च्या या चित्रपटाची जगभरातली कमाई पुनःप्रदर्शने धरून २.९ अब्ज डॉलरच्या वर गेली आहे, आणि तरीही 'या चित्रपटातल्या पात्रांची नावेसुद्धा कोणाला आठवत नाहीत' ही तक्रार त्याच्यामागे दहा-बारा वर्षे लागली होती. नीट पाहिले तर ही तक्रार करणाऱ्याने मधल्या मध्ये आपली जागा बदललेली असते. 'कथा मला शिळी वाटली' असे म्हणणारा स्वतःविषयी बोलतो, आणि त्याला कोणी खोटे पाडू शकत नाही; 'कोणाच्याच मनात ती उरली नाही' असे म्हणणारा मात्र इतरांच्या वतीने साक्ष देऊ लागतो, आणि ती साक्ष तपासता येते. डिसेंबर २०२२ मध्ये दुसरा भाग आला, त्याने २.३ अब्ज डॉलरहून अधिक कमावले, आणि साक्ष खोटी ठरली. कथा शिळी असल्याची तक्रार त्या वेळीही जवळपास पहिल्याच शब्दांत पुन्हा झाली, आणि गल्ल्याच्या आकड्याने तिचे काहीच बिघडले नाही.