बासरी आणि दोन व्हायोलिनं

श्रोतेहो, नमस्कार.

संगीतकार हान्स गाल हे नाव आपल्यापैकी अनेकांनी ऐकलं नसेल. आज मुद्दाम त्यांच्याविषयीच बोलणार आहे.

१८९० साली व्हिएन्नाजवळ एका ज्यू कुटुंबात त्यांचा जन्म झाला. थोर जर्मन संगीतकार ब्राम्स यांचे स्नेही मांडिचेव्स्की हे त्यांचे गुरू. गालांचे ऑपेरा, म्हणजे पाश्चात्त्य संगीतनाटकं, जर्मनीत गाजले आणि १९२९ मध्ये ते माइन्झच्या संगीत विद्यालयाचे संचालक झाले. १९३३ मध्ये हिटलर आला, नोकरी गेली, रचनांवर बंदी आली. मग पुन्हा व्हिएन्ना. १९३८ मध्ये हिटलर तिथेही पोहोचला आणि तेही सुटलं. स्कॉटलंडमधल्या एडिंबरात संगीताचे प्राध्यापक डोनाल्ड टोवींनी त्यांना विद्यापीठाच्या संगीत ग्रंथालयाची सूची करण्याचं काम दिलं.

मे १९४० मध्ये ब्रिटिशांनीच त्यांना पकडलं. हिटलरच्या तावडीतून निसटलेला माणूस आता 'शत्रुराष्ट्राचा नागरिक' ठरला! लिव्हरपूलजवळच्या हायटनला अर्धवट बांधलेल्या घरांभोवती काटेरी तारा ओढून छावणी केली होती. तिथे हाताशी वाद्यं किती? एक बासरी आणि दोन व्हायोलिनं. चेलो नाही, पियानो नाही. खर्ज सांभाळायला कुणीच नाही. तंबोऱ्याशिवाय मैफल जमवण्यासारखंच हे. गालांनी नेमकी या तिघांसाठी रचना लिहायला घेतली, ती 'हायटन सूट'. सूट म्हणजे छोट्या छोट्या तुकड्यांची माळ. छावणीला जागं करणारा बिगुलसुद्धा त्यांनी तिच्यात ओवला. ती पहिल्यांदा ऐकताना मी दुःखाची वाट पाहत होतो, आणि कानावर आला निखळ खेळकरपणा. हे त्यांना कसं साधलं, याचं नवल मला अजून वाटतं.

पुढचे घाव याहून खोल होते. १९४२ मध्ये आई गेली. मावशीने आणि बहिणीने छळछावणीत नेण्याआधीच जीव दिला. त्याच वर्षी धाकट्या मुलानेही स्वतःला संपवलं.

१९४५ पासून गाल एडिंबरा विद्यापीठात शिकवू लागले. सुरावटीचा आणि स्वरमेळाचा जुना रस्ता त्यांनी कधीच सोडला नाही. नव्या फॅशनच्या काळात त्यामुळे ते मागे पडले. माझ्या मते हा त्यांच्यावर अन्यायच. नव्वदीत त्यांनी पियानोसाठी २४ फ्यूग लिहिले; फ्यूग म्हणजे एकच सुरावट एकामागून एक वेगवेगळ्या आवाजांत गुंफलेली रचना. १९८७ मध्ये, ९७व्या वर्षी, ते गेले.

आता 'हायटन सूट' ऐका. बासरी लगेच लक्ष वेधून घेईल. तरी एक कान दुसऱ्या व्हायोलिनकडे असू द्या.