दोन खांबांमधलं अंतर

(दृश्य: क्लीव्हलँड बंदर, पहाट. होड्या सुटताना.)

वरळी कोळीवाड्याचं हे क्लीव्हलँड बंदर. इथून मासेमारीला निघालेली होडी आता कोस्टल रोडच्या पुलाखालून समुद्रात जाते.

(दृश्य: नाखवा सुकाणूवर. होडी खांबांच्या दिशेने.)

होडीची नाळ, म्हणजे पुढचं टोक बघा. पाणी निवांत असलं की ती सरळ जाते. वारं फिरलं, ओहोटीची ओढ लागली, की खांबाकडे सरकते. ती पुन्हा वळवायला नाखवाला बाजूला मोकळं पाणी लागतं. त्यात समोरून दुसरी होडी परत येत असेल, तर आणखी.

मूळ आराखड्यात दोन खांबांमध्ये ६० मीटर अंतर होतं. कोळ्यांनी २०० मागितलं. महापालिकेचं म्हणणं, एवढ्या लहान बोटींना ६० मीटर पुरे. शेजारच्या वांद्रे-वरळी सी-लिंक पुलाच्या खांबांमधून वर्षानुवर्षं ये-जा केलेली ही माणसं. आपण काय मागतोय हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

(दृश्य: भरावाचं काम, समुद्रातले खांब.)

काम २०१८ मध्ये सुरू झालं. जुलै २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने प्रकल्पाच्या सीआरझेड, म्हणजे किनारपट्टी नियमन क्षेत्राच्या परवानग्या रद्द केल्या. डिसेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली आणि काम पुन्हा चालू झालं. खांबांचा प्रश्न मात्र होता तिथेच राहिला. निवेदनं गेली, बैठका झाल्या. शेवटी २०२१ मध्ये कोळ्यांनी होड्या थेट कामाच्या जागी नेल्या आणि इथलं काम थांबवलं.

तेव्हा कुठे आराखडा पुन्हा टेबलावर आला. २०२२ सरता सरता निर्णय झाला: एक खांब काढायचा, अंतर १२० मीटर ठेवायचं. मागितलं होतं त्याहून कमी, पण कागदावरच्या आकड्याच्या दुप्पट. आणि ते मिळवलं मच्छीमारांनी.

(दृश्य: बार्जवर लोखंडी कमान.)

मधला खांब गेला, म्हणून ते अंतर एका झेपेत पेलणारी पुलाची ही कमान आली. लांबी १३६ मीटर, वजन सुमारे २००० टन. समुद्रमार्गे बार्जवरून, म्हणजे सपाट मालवाहू नौकेवरून आणली आणि २६ एप्रिल २०२४ च्या पहाटे, भरती-ओहोटीचं गणित सांभाळत, खांबांवर बसवली. पाण्याची वेळ इंजिनिअरांनाही पाळावी लागली. मे महिन्यात शेजारी दुसरी कमान बसली.

या फेरबदलात खर्च वाढला, मुदत लांबली. भरावाखाली किनाऱ्याचे खडक गेले, त्यांवरची कालवंही गेली.

(दृश्य: वर्सोव्याचा किनारा, होड्यांची रांग.)

कोस्टल रोड आता वर्सोव्याच्या उत्तरेला न्यायचं ठरलंय. तिकडेही कोळीवाडे आहेत, खाड्या आहेत, होड्यांच्या ठरलेल्या वाटा आहेत. खांबांच्या जागा पक्क्या करण्याआधी अधिकाऱ्यांनी तिथल्या नाखवांच्या होडीत बसावं, भरतीला एकदा आणि ओहोटीला एकदा. वरळीत ही चर्चा व्हायला चार वर्षं गेली.