निळ्या पेन्सिलीच्या रेषेआतला मुलूख

अध्यक्ष महोदय, मंडळाचे ज्येष्ठ सभासद आणि मित्रहो,

भाऊंच्या छायाचित्रांचे पुस्तक आज आपल्या इंदूरच्या या सभागृहात, त्यांच्या पश्चात, प्रकाशित होत आहे, आणि त्यातला मजकूर माझा असल्यामुळे बोलण्याचे काम माझ्याकडे आले आहे. माणूस म्हणून भाऊ कसे होते हे आपल्यापैकी अनेकांना माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. मंडळाच्या गणेशोत्सवात, कोजागरीला, मुलांच्या मुंजींत त्यांचा कॅमेरा हजर असे, आणि ते फोटो ते केवळ भिडेखातर काढत हेही आपल्यापासून लपलेले नव्हते. मी बोलणार आहे ते त्यांनी जीव ओतून केलेल्या कामाबद्दल, म्हणजे जानापावच्या डोंगरापासून नर्मदेच्या पात्रापर्यंतचा मुलूख त्यांनी ज्या पद्धतीने टिपला तिच्याबद्दल.

भाऊंची सारी नोकरी पाटबंधारे खात्यात नकाशे काढण्यात गेली. जलाशय भरल्यावर पाणी कुठल्या समोच्च रेषेपर्यंत, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या कुठल्या रेषेपर्यंत चढेल, हे त्यांना नकाशावर वाचता येत असे. नर्मदेवर इंदिरासागर आणि ओंकारेश्वर या धरणांची कामे सुरू झाली तेव्हा त्यांनी स्वतःजवळच्या नकाशावर बुडिताची रेषा निळ्या पेन्सिलीने ओढून घेतली, आणि सुटीचा दिवस मिळाला की त्या रेषेच्या आतली एखादी जागा ते गाठू लागले. धाराजीजवळचे धावडी कुंड हे त्यांतले मुख्य ठिकाण होते. तिथे नर्मदा खडकांवरून खाली झेपावत असे, तिच्या भोवऱ्यांनी खडकात रांजणखळगे कोरले होते, आणि त्या खळग्यांत वर्षानुवर्षे फिरून गुळगुळीत झालेले दगड बाणलिंग म्हणून दूरदूरच्या देवघरांत जात असत. ओंकारेश्वरचे धरण 2007 मध्ये पूर्ण झाले आणि त्याच्या जलाशयात हे कुंड गेले. पुस्तकातल्या एका पानावर उन्हाळ्यात कोरडा पडलेला एकच खळगा आहे. त्याच्या तळाशी ओलसर वाळू, वाळूत निम्मा रुतलेला अंडाकृती दगड आणि कडेच्या खडकावर पाण्याने घासून काढलेली गोल वळी दिसतात. नदीचे काम इतके उघडे करून दाखवणारे दुसरे चित्र माझ्या तरी पाहण्यात नाही.

भाऊ आंदोलनात नव्हते, धरणांचे भाटही नव्हते. कालव्याचे पाणी पोचल्यावर निमाडात उभा राहिलेला गहूही त्यांनी टिपला आणि ते चित्र कुंडाच्या समोरच्या पानावर लावायचे असे मला बजावले. या मांडणीवर आमचा बराच वाद झाला. मला ती जोडी निष्ठुर वाटत होती, त्यांना ती प्रामाणिक वाटत होती. पुस्तकात ती त्यांच्या मनासारखी आहे.

काम त्यांनी शेवटपर्यंत स्लाइड फिल्मवरच केले. मध्यम आकाराच्या त्यांच्या कॅमेऱ्यात 120 क्रमांकाच्या फिल्मच्या एका रोलवर दहाच चित्रे निघत, आणि स्लाइड फिल्मला प्रकाशाचा अंदाज जरासा चुकलेलाही खपत नाही; त्यामुळे तिपाई लावून ते ढग सरकण्याची वाट पाहत तासन्तास उभे राहत. सकाळ-संध्याकाळच्या कोवळ्या उन्हाचा निसर्ग-छायाचित्रकारांना जो सोस असतो तो त्यांना नव्हता. निमाडचा वैशाख भर दुपारीच पाहावा असे त्यांचे मत होते, आणि सूर्यास्ताच्या चित्रांची तर ते कॅलेंडरवाल्यांचा माल म्हणून टर उडवत. (पुस्तकात एक सूर्यास्त आहे. तो इंदूरजवळच्या यशवंतसागर तलावाचा आहे आणि त्यात सारस पक्ष्यांची जोडी नसती तर तोही वगळला गेला असता.) मांडूच्या गोरखचिंचेचेही तसेच. हौशी लोक मांडूला पावसाळ्यात जातात, म्हणून आपण ते झाड पानांसकट पाहतो. भाऊंनी ते हिवाळ्यात, एकही पान नसताना टिपले, आणि त्या अवाढव्य खोडाचा पसारा तेव्हाच डोळ्यांत भरतो.

आता आमच्या सहकार्याविषयी. प्रत्येक चित्राची नोंद त्यांच्या वहीत असे: जागा, महिना, वेळ, कुठल्या काठावर उभे होतो, तोंड कोणत्या दिशेला होते. माझ्या पहिल्या मसुद्यातली विशेषणे त्यांनी शिसपेन्सिलीने एकेक करून खोडली आणि त्या जागी या नोंदी घालायला सांगितल्या. पुढे ते गेले, आणि दुसरे मुद्रित (प्रूफ) मी एकट्याने तपासायला बसलो तेव्हा या नोंदींची किंमत कळली. महेश्वरजवळच्या सहस्रधारेचे चित्र समोर होते. वहीत ‘उत्तर काठ, तोंड दक्षिणेला’ असे लिहिलेले होते. नर्मदा पश्चिमेला वाहते, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून उभ्या असलेल्याला पाणी डावीकडून उजवीकडे जाताना दिसले पाहिजे. मुद्रितात ते उजवीकडून डावीकडे चालले होते. स्कॅन करताना स्लाइडची इमल्शनची, म्हणजे चित्र उमटलेल्या लेपाची, बाजू उलटी ठेवली गेली होती आणि सबंध नदी फिरली होती. चित्र तसेही सुंदरच दिसत होते, आणि वही नसती तर ते तसेच छापले गेले असते.

एकाची चित्रे आणि दुसऱ्याचा मजकूर, ही आपल्या शहरातली तशी जुनी रीत आहे. लाला दीनदयाळ 1866 मध्ये इंदूरच्या बांधकाम खात्यात आरेखक म्हणून लागले, पुढे कॅमेऱ्याकडे वळले, आणि दुसऱ्या तुकोजीराव होळकरांचा त्यांना आश्रय मिळाला. मध्य भारतातील प्रसिद्ध वास्तूंवरचे लेपेल ग्रिफिन यांचे पुस्तक 1886 मध्ये निघाले, त्यातली चित्रे दीनदयाळांची आहेत. ग्रिफिनसाहेबांचा मजकूर आज कितीजण वाचतात हा प्रश्न मी स्वतःच्या चिंतेपोटी विचारतो. भाऊंना या गोष्टीत दुसऱ्याच कारणाने गोडी होती: खात्यात नकाशे काढणाऱ्याचा हात कॅमेऱ्यालाही चालतो, हे त्यांना त्यातून सिद्ध झाल्यासारखे वाटे.

छपाईच्या पुष्कळ कटकटी झाल्या, त्या सगळ्या सांगत नाही. पाताळपाणीच्या धबधब्याचा श्रावणातला हिरवा रंग छापखान्यात वाढवून दिला जात होता, तो भाऊंनी पहिल्या मुद्रितातच खिडकीच्या उजेडात धरून उतरवायला लावला. जानापावचे चित्र आधी दोन पानांवर पसरलेले होते. त्याच डोंगरातून चंबळ निघून उत्तरेला यमुनेकडे जाते आणि दक्षिण उतारावरचे पाणी नर्मदेला मिळते. ते पाणी वेगळे करणारी डोंगरधार नेमकी पुस्तकाच्या शिवणीत बुडत होती. भाऊंनी चित्र लहान करून एका पानावर घेतले. माझा जीव हळहळला होता, पण आज पान उघडून पाहा, धार सलग दिसते.

एक काम मात्र उरले आहे. वही सुरू करण्यापूर्वीच्या काळातले स्लाइडचे काही डबे भाऊंच्या घरच्यांनी मंडळाकडे सोपवले आहेत आणि त्यांवर जागेची नोंद नाही. त्यांत घाट आहेत, देवळे आहेत, नदीकाठची वस्ती असलेली गावे आहेत, आणि त्यांतली काही आता पाण्याखाली असणार. येत्या रविवारी दुपारी या स्लाइड उजेडाच्या टेबलावर मांडून ठेवणार आहोत. ज्यांचे माहेर, आजोळ किंवा बदलीचे गाव हरसूद, पुनासा, सनावद, महेश्वर या बाजूला होते, त्यांनी अवश्य यावे, येताना चष्मा आणावा, आणि एखादा घाट ओळखू आला तर नावाबरोबर तो कोणत्या काठावरचा तेही सांगावे.