गाव उठवायचं ठरलं तेव्हा

नमस्कार मंडळी. आज मी तुम्हाला कॅनडाच्या न्यूफाउंडलंडमधल्या फोगो बेटावर नेणार आहे. बेटाकडे जाणारी बोट ज्या धक्क्यावरून सुटते त्याचं नावच 'फेअरवेल', म्हणजे निरोप. बेटावरच्या एका गावाला जुन्या काळी 'सेल्डम-कम-बाय' म्हणत. ऐकणाऱ्याला वाटतं, इथे कोणी फिरकत नसावं. अर्थ नेमका उलटा: इथे न थांबता क्वचितच कोणी पुढे जातं, इतकं निवाऱ्याचं बंदर!

बेट पंचवीसेक किलोमीटर लांबीचं, त्यावर किनाऱ्याकिनाऱ्याने दहाएक वस्त्या. टिल्टिंग गावचे लोक मूळचे आयरिश आणि कॅथलिक, इतर बऱ्याच गावांतले इंग्लंडहून आलेले प्रॉटेस्टंट. ज्याचा त्याचा चर्च वेगळा, आणि शाळाही पंथापंथाच्या. शेजारच्या गावात काय चाललंय याच्याशी फारसं देणंघेणं नसे.

पोट मात्र सगळ्यांचं एकाच माशावर, कॉडवर. समोर बसलेल्या, मासळी वाळवणाऱ्या बायांना ही गोष्ट लगेच कळेल, म्हणून जरा सविस्तर सांगतो. पुरुषांनी होडीतून मासा आणून किनाऱ्यावरच्या लाकडी माचावर टाकला की पुढचं काम बरंचसं बायकांचं. एकीने गळा चिरायचा, दुसरीने आतडी काढून मुंडकं उडवायचं, तिसरीने कणा काढून मासा पुस्तकासारखा उघडायचा, चौथीने मीठ लावायचं. मीठ कमी पडलं तर नासतो, जास्त झालं तर भाव पडतो. मग तो आपल्या बोंबील टांगायच्या वलांड्यांसारख्या, पण आडव्या आणि फांद्या पसरलेल्या मांडवांवर वाळत घालायचा. संध्याकाळी गोळा करून रचायचा, सकाळी पुन्हा पसरायचा. पाऊस आला की धावपळ, आणि गंमत म्हणजे ऊन जास्त झालं तरी धावपळ, कारण कडक उन्हात मासा करपतो. बोंबील वाळवणाऱ्या बाईला वेगळं काय सांगू!

एवढं करून तो मासा जायचा व्यापाऱ्याकडे. प्रत ठरवणारा माणूसही व्यापाऱ्याचाच. हंगामाच्या सुरुवातीला पीठ, चहा, काकवी, दोर, मीठ सगळं त्याच्याच दुकानातून उधार न्यायचं आणि शेवटी मासा देऊन खातं मिटवायचं. ते क्वचितच मिटे. रोख पैसा हाती न पाहताच कित्येकांचं आयुष्य सरलं. आपल्याकडे दलालाने होडीला कर्ज दिलं की मासळी त्यालाच घालावी लागते, त्याचाच हा थोरला भाऊ.

1949 साली न्यूफाउंडलंड कॅनडात आलं. सरकारला वाटलं, विखुरलेल्या एवढ्या वस्त्यांना वीज, रस्ते, दवाखाना कुठवर पुरवायचा? त्यापेक्षा लोकांनाच हलवा. 1954 ते 1975 या काळात तीनशेच्या आसपास गावं उठली आणि तीसेक हजार माणसं हलली. काहींनी घरं ओंडक्यांवरून पाण्यापर्यंत ओढत आणली आणि तरंगवत नव्या गावी नेली. त्याचे फोटो सुंदर दिसतात, पण त्या घरांतल्या म्हाताऱ्यांना कसं वाटलं असेल याचा मला नेहमी विचार पडतो.

फोगोवरही तीच टांगती तलवार होती. तेव्हा, 1967 साली, मेमोरियल विद्यापीठाचे डोनाल्ड स्नोडेन आणि राष्ट्रीय चित्रपट मंडळाचे दिग्दर्शक कॉलिन लो बेटावर आले. त्यांनी छोटे छोटे लघुपट काढले. एकात एक माणूस, एक विषय, असं. कोणी होडी बांधण्याबद्दल बोलतोय, कोणी सरकारी मदतीवर जगण्याची लाज सांगतोय. हे लघुपट आधी बेटावरच गावोगाव दाखवले. तोंडावर जे बोलवत नव्हतं ते लोक पडद्यावर ऐकू लागले. टिल्टिंगच्या माणसाला कळलं, 'जो बॅट्स आर्म' या गावच्या माणसाचंही रडगाणं तेच आहे. मग हीच रिळं प्रांताच्या राजधानीत मंत्र्यांना दाखवली, आणि मत्स्यमंत्र्यांनी उत्तरही कॅमेऱ्यासमोरच दिलं.

जगभर या प्रयोगाला 'फोगो प्रक्रिया' म्हणून डोक्यावर घेतलं गेलं. मला ते जरा जास्त वाटतं. बेटाची सुधारणा समिती त्याआधीच उभी होती, आणि फ्रेड अर्ल नावाचे विद्यापीठातर्फे गावोगाव काम करणारे कार्यकर्ते, स्वतः त्याच बेटाचे, घरोघर फिरून लोकांना बोलतं करत होते. त्यांनी जमीन नांगरली नसती तर कॅमेरा काय पेरणार होता? पण पाहुण्याचं नाव होतं, घरच्याचं राहून जातं.

लोकांनी सहकारी संस्था काढली, मोठ्या होड्या स्वतः बांधल्या, मासा स्वतः प्रक्रिया करून विकू लागले. पुढे बेटाच्या मध्यावर, कोणाच्याच गावात नाही अशा जागी, सगळ्यांची मिळून एक शाळा झाली. मला विचाराल तर बेट तिथे एक झालं.

2 जुलै 1992 ला सरकारने कॉडची मासेमारीच बंद केली. परदेशी आणि देशी ट्रॉलरांनी समुद्र खरवडून काढला होता, आणि किती मासा उरलाय याचे सरकारी अंदाज फसले होते. न्यूफाउंडलंडमध्ये तीसेक हजार लोकांचा रोजगार गेला. फोगोची सहकारी संस्था खेकडा आणि कोळंबीकडे वळली म्हणून तग धरून राहिली.

नंतर बेटावरच्याच झीटा कॉब शिकून, पैसा कमावून परतल्या. त्यांच्या संस्थेने 2013 साली 'जो बॅट्स आर्म'ला समुद्राकाठी खांबांवर उभं असलेलं 29 खोल्यांचं हॉटेल सुरू केलं. नफा बेटासाठीच वापरायचा असा नियम आहे. एका रात्रीचं भाडं ऐकून माझ्या पोटात गोळा आला, हे खरं. पण स्वयंपाकघरात, खोल्या आवरायला, रजया शिवायला बेटाचीच माणसं आहेत.

2024 च्या जूनमध्ये कॉडवरची ती बंदी उठली. कोटा मात्र तेव्हा लहानच ठेवला.