पलंगाला पाय फुटतात तेव्हा

(पडद्यावर: वर्तमानपत्राचं अख्खं पान. कॅमेरा पहिल्या चौकटीवरून सावकाश खाली उतरतो.)

26 जुलै 1908, रविवार. ‘न्यूयॉर्क हेराल्ड’ची रंगीत पुरवणी. तिच्यात ‘लिटल नेमो इन स्लंबरलँड’ ही चित्रमालिका. तिच्यातला नेमो नावाचा मुलगा पलंगावर आहे, आणि त्या पलंगाचे पाय वाढायला लागलेत. वाढता वाढता ते गुडघ्यात वाकतात, पाऊल टाकतात, घराबाहेर पडतात. आता पलंग शहरावरून ढांगा टाकत निघालाय. चौकटींची उंची बघा. पाय जेवढे लांबतात, तेवढी चौकटही उंच होते. शेवटी चर्चच्या कळसाला पाय अडकतो, पलंग कोसळतो, आणि नेमो खोलीत जमिनीवर पडलेला असतो. जागा झालेला.

हे चितारणारा अमेरिकी व्यंगचित्रकार विन्सर मॅके. मिशिगनमधल्या इप्सिलँटी गावात एका शिक्षकाकडून त्यानं यथार्थदर्शन शिकून घेतलं. रस्त्याच्या दोन कडा लांबवर कुठे मिळतील, दूरची इमारत कागदावर किती लहान होईल, याचं हे गणित. पुढे सिनसिनाटीत तो एका ‘डाइम म्युझियम’साठी जाहिरातीची चित्रं रंगवायचा. दहा सेंट टाका आणि अजब माणसं, अजब वस्तू बघा, असा तो धंदा. नेमोत हे गणित आणि ही जत्रा एकत्र आली.

म्हणून पलंग चालतो हे आपण मुकाट्यानं मान्य करतो. खोटं एकच आहे. खिडक्या, गच्च्या, गल्लीची खोली, वरून दिसणारी छपरं, हे सगळं मोजूनमापून काढलंय. निसर्गाचा एक नियम मोडायचा आणि उरलेले काटेकोर पाळायचे, हे मॅकेचं विज्ञान. विज्ञानकथा म्हणून यंत्रांची चित्रं पुष्कळांनी काढली. ही शिस्त फार थोड्यांकडे होती.

(पडद्यावर: शिंकणारा मुलगा. चौकटीच्या रेषा तुटून त्याच्या अंगावर पडतात.)

नेमो सुरू झाला 15 ऑक्टोबर 1905 ला. त्याच्या तीन आठवडे आधी मॅकेच्याच ‘लिटल सॅमी स्नीझ’ या दुसऱ्या चित्रमालिकेतला सॅमी इतक्या जोरात शिंकला, की चौकटच फुटली. वाचक जिला नुसती कड समजत होता, ती मोडू शकणारी वस्तू निघाली!

हेराल्डनं मॅकेला आख्खं पान दिलं होतं, सुमारे 16 बाय 21 इंचांचं. काळ्या शाईतलं रेखाटन त्याचं. कुठे कोणता रंग, तेही तोच सांगायचा. मग छापखान्यातले कारागीर बेन-डे पद्धतीच्या बारीक ठिपक्यांतून छटा उठवायचे. ते पान आज मोबाइलवर बघितलं तर अर्धी गंमत जाते. त्या काळी मुलं पेपर जमिनीवर पसरून वाचत असतील, असं मला आपलं वाटतं. एवढा कागद हातात धरणार कसा?

1908 च्या सुरुवातीला नेमो आणि मंडळी ‘बिफडल हॉल’मध्ये भरकटतात. तिथे आरसे माणसांना ताणतात, दाबतात, आणि पुढे महालच उलटा होतो. छताच्या नक्षीतून पोरं वाट काढतात. खांब, कमानी मात्र जागच्या जागी, एकही रेघ चुकलेली नाही.

(पडद्यावर: विमाननौका, मागे तांबडा मंगळ.)

1910 मध्ये स्वारी थेट मंगळावर पोचते. पर्सिव्हल लोवेल हा खगोलनिरीक्षक तेव्हा ठामपणे सांगत होता, की मंगळावर बुद्धिमान जीवांनी कालवे खोदलेत. विल्बर राइट आदल्याच वर्षी न्यूयॉर्कच्या आकाशात उडून गेला होता. पण मॅकेच्या मंगळावर नेमोला भेटतो एक मालक, बी. गॉश नावाचा. ग्रह त्याचा आणि हवाही त्याची. श्वास घ्यायचा तर पैसे मोजा. मक्तेदार कंपन्यांच्या त्या अमेरिकेत हा टोला कुणाला, हे मोठ्या वाचकांना समजावून सांगायला नको होतं.

सगळंच ग्रेट होतं असं नाही. संवाद बेतास बात, फुग्यांत कसेबसे कोंबलेले. आणि ‘इम्प’ हे पात्र म्हणजे काळ्या माणसांची तेव्हाची सर्रास चालणारी ओंगळ नक्कल. पानाच्या देखणेपणामुळे ती खपवून घेता येत नाही.

(पडद्यावर: 1911 ची फिल्म.)

वाढत्या चौकटींतून मॅके खरं तर हालचालच मांडत होता. कागदावर ती वाचकाला मनात जोडून घ्यावी लागे. 1911 मध्ये त्यानं सुमारे चार हजार चित्रं हातानं काढली आणि ती फिल्मवर घेतली. फिल्ममध्ये नेमोची गोष्ट अशी नाहीच. नेमोचा सोबती फ्लिप आणि इम्प आरशातल्यासारखे लांबतात, बसके होतात, पुन्हा सरळ होतात. सुरुवातीला फ्लिपच्या डोक्यावर अक्षरं उमटतात, ‘वॉच मी मूव्ह’. आणि तो हलायला लागतो.