चिन्हांना हाक कशी मारावी?

श्रोतेहो, मघाशी मी फळ्यावर @ हे चिन्ह काढून त्याचे नाव विचारले, तेव्हा सभागृहातून जवळजवळ एकमुखाने 'ॲट द रेट' असे उत्तर आले. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे ते लोक त्याला नुसते 'ॲट' म्हणतात. 'द रेट' ही पुस्ती आपण जोडली आणि ती दुकानदाराच्या बिलातून आली. '५० किलो @ ३२ रुपये' या नोंदीत चिन्हाचा अर्थ 'दराने' असा होता आणि तिथे तो चपखल बसत होता. पुढे १९७१ मध्ये रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर निरोप धाडण्याची सोय केली. माणसाचे नाव आणि यंत्राचे नाव यांच्यामध्ये ठेवायला त्याला असे चिन्ह हवे होते की जे कोणाच्याही नावात येत नाही, म्हणून त्याने कळफलकावरचे हे एरवी क्वचितच लागणारे चिन्ह उचलले. तेव्हाच त्याचा दराशी संबंध सुटला. आपण मात्र पत्ता सांगताना अजून भावच सांगत बसतो.

बाजाराची आठवण एकट्या आपल्याच जिभेवर राहिली असे नाही. स्पेनमध्ये याला 'अर्रोबा' म्हणतात आणि अर्रोबा हे तिथले सुमारे साडेअकरा किलोंचे जुने वजन आहे. शब्द मूळचा अरबी, अर्थ 'चौथा हिस्सा'. इतर अनेक भाषांनी मात्र व्यापार विसरून निव्वळ आकार पाहिला. इटालियनांना त्यात गोगलगाय दिसली, डचांना माकडाची शेपटी, डॅनिश लोकांना हत्तीची सोंड, ग्रीकांना बदकाचे पिल्लू, हंगेरियनांना अळी. रशियन त्याला कुत्रा म्हणतात. तो दिसायला रशियन डोळेच हवेत. चेक भाषेत हे मुरवलेल्या हेरिंग माशाच्या गुंडाळीचे नाव आहे, आणि प्रागमधला बँकेचा कारकूनही ते न हसता उच्चारतो. असे नाव पोरकट वाटेल ही आपल्याकडची भीती या एका उदाहरणाने तरी जावी.

खरे तर आकारावरून नाव ठेवण्यात मराठी माणूस कधीच मागे नव्हता. 'ष' पोटफोड्या झाला आणि 'श' शेंडीफोड्या; व्यंजनाचा स्वर काढून घेतला की आपण त्याचा पाय मोडला असे म्हणतो. ओळीत राहून गेलेला शब्द वर लिहिताना जी खूण करतात तिला संस्कृत पोथ्यांच्या परंपरेत काकपद, म्हणजे कावळ्याचा पाय, हे नाव आहे. शेंडी नि पोट कोणत्याही समितीने सुचवले नाही. एकाच उच्चाराची दोन अक्षरे मुलांना वेगळी कशी सांगावीत या अडचणीतून ते आले.

वरून दिलेली नावे रुजत नाहीत, असे मात्र मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांनी मराठी छपाईत विरामचिन्हे रूढ केली, आणि पूर्णविराम व स्वल्पविराम हे भारदस्त शब्द आज शाळकरी मुलेही सहज बोलतात, कारण शुद्धलेखन घालताना शिक्षकांना ते मोठ्याने उच्चारावेच लागत. अपूर्णविरामाचे नशीब तेवढे थोर नव्हते. त्याला आपण बहुतेक वेळा 'कोलन'च म्हणतो. म्हणजे नाव कोणी दिले यापेक्षा ते मोठ्याने उच्चारण्याची वेळ किती वेळा येते, यावर सारे ठरते. फोनवर पत्ता सांगताना ती वेळ आज दिवसातून अनेकदा येते.

म्हणून @ साठी मी 'वेटोळे' सुचवतो. 'चकली' मला अधिक आवडते, पण ती फराळाच्या ताटातून बाहेर यायला तयार होत नाही, आणि 'चकलीनंतर काय?' या प्रश्नाला घरोघरी 'लाडू' असेच उत्तर मिळेल. वेटोळे हा एकच शब्द आहे, त्याला प्रत्यय सहज लागतात, 'वेटोळ्याच्या आधी काय आहे?' असे विचारता येते. 'ॲट द रेटच्या आधी' म्हणताना जीभ दोनदा अडखळते. # या चिन्हाला 'जाळी' म्हणावे. फुली-गोळा खेळताना आपण सगळ्यांनी ती पाटीवर आखलेली आहे, फक्त तिला नाव दिले नव्हते.

काही चिन्हांना नवे नाव शोधण्याची गरजच नाही. तिरक्या रेघेला आपण 'स्लॅश' म्हणतो, पण शाळेत अपूर्णांक वाचताना 'तीन छेद चार' म्हणत आलो आहोत. तोच 'छेद' घरक्रमांकातही चालावा. चांदणीसारख्या खुणेवरून विधिमंडळात 'तारांकित प्रश्न' हा शब्द रुळलेलाच आहे, तेव्हा त्या खुणेला 'तारा' म्हणायला कोणाची हरकत नसावी.

राहता राहिले &. लॅटिनमधल्या 'एत', म्हणजे 'आणि', या शब्दाची दोन अक्षरे एकमेकांत गुंतून हे चिन्ह झाले. पेढीच्या पाटीवर ते दिसले की आपण 'आणि' असे वाचतो आणि पुढे जातो. वाचन हेच त्याचे नाव ठरले आहे. अडचण येते ती फोनवर पेढीचे नाव लिहून घेणारा जेव्हा विचारतो, 'आणि अक्षरात लिहू की खुणेने?' त्या प्रश्नात 'खूण' हा शब्द तोच बोलून जातो, आणि तूर्त तेवढ्याने भागते.